बुजवलेला खड्डा

चराच्या भिंतीत पांढरी राख तुटलेली दिसली, तेव्हा निवेदिताचा आधी डोळ्यांवर विश्वास बसला नाही, मग खुरपीवरही बसला नाही. खुरपीने कधीकधी भिंत ओरबाडली जाते, वरचा चिखल खाली ओघळतो आणि नसलेलं काहीतरी दिसायला लागतं. म्हणून तिने भिंतीवर पाणी मारलं, ब्रशने ती जागा स्वच्छ केली आणि पुन्हा पाहिलं. राख तुटलेलीच होती. डावीकडे तिच्या छातीशी येणारा पांढरा पट्टा उजवीकडे एकदम गुडघ्यापर्यंत खाली गेला होता, आणि मधून एक तिरकी काळपट फट वर चढत होती.

ही राख हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या ज्वालामुखीने उधळलेली. पडते तेव्हा ती चादर अंथरल्यासारखी पडते. ती तुटली याचा अर्थ तिच्याखालची जमीन तुटली. फट वरच्या काळ्या मातीतही शिरली होती, पण तिथली पायरी लहान होती, जेमतेम दोन वितींची. म्हणजे जमीन एकदा नाही, दोनदा हलली होती, काळी माती साचण्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

"ऑल गुड?" डिगर चालवणाऱ्या राविरीने काठावरून डोकावून विचारलं. हा माओरी गृहस्थ गेली तीन वर्षं तिच्यासाठी चर खणत होता आणि तिचा चेहरा त्याला बऱ्यापैकी वाचता येत होता.

"ऑल गुड," ती म्हणाली, आणि तिने भिंतीवर पुन्हा पाणी मारलं.

निवेदिता मूळची पुण्याची. भूशास्त्र शिकायला म्हणून न्यूझीलंडला आली आणि राहिली. ऑकलंडच्या अल्बनी उपनगरात घर, शहरातल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी. काम सांगायला सोपं होतं: जमीन पूर्वी कुठे फाटली ते शोधायचं, म्हणजे पुढे कुठे फाटेल ते लोकांना सांगता येतं. बाई हुशार, मेहनती, आणि नाकावर माशी बसू न देणारी. आजचा हा चर तर तिने 'इथे काही नाही' असं लिहिण्यासाठीच खणायला घेतला होता. हुनुआच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीला पायरी पडावी तसा पुरुषभर उंचीचा एक टप्पा तीन शेतांमधून सरळ आग्नेयेला जातो. नदीचा जुना काठ, असंच सगळे समजत होते. सगळे म्हणजे मुख्यतः निवेदिता. तिनेच तसं लिहून दिलं होतं. आणि हा टप्पा कुंपण ओलांडून जिथे शिरत होता तो प्लॉट तिच्या थोरल्या बहिणीचा, मृदुलाचा होता. तिथे उद्या सकाळी सात वाजता घराच्या पायाचं काँक्रीट पडणार होतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

मृदुला फार्मसिस्ट. तिचा नवरा चंद्रशेखर ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. सात वर्षं दोघांनी माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात काढली होती. हिवाळ्यात त्या घराच्या भिंतींना पाझर फुटायचा आणि लेकीचा, सानिकाचा, खोकला वसंत येईपर्यंत हटायचा नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २००६ च्या दिवाळीआधी, त्यांनी हा एकरभराचा प्लॉट घेतला. जागा निवडली चंद्रशेखरच्या वडिलांनी. गुरुनाथ त्यांचं नाव, पण सगळ्यांचे नाना. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस, धरणांचे पाये खणण्यात तरबेज, आणि वास्तुशास्त्राचं भलतंच वेड. जमीन नैऋत्येला उंच आणि ईशान्येला उतरती हवी, असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. अशी जागा हुडकत ते मुलाला घेऊन आठवडे आठवडे फिरले, आणि ही जागा बघितल्यावर गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले, "हीच."

दिवाळीच्या फराळाला नानांनी सगळ्यांसमोर होकायंत्र काढून हा उतार समजावून सांगितला. निवेदिताला राहवलं नाही.

"पण नाना, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. मग तुमचा वास्तुपुरुष इथे उलटा झोपतो का? की त्याला पण व्हिसा घेऊन नवीन दिशा शिकवल्यात?"

घर हसलं. चंद्रशेखर हसला, पाहुणे हसले, चिवड्याचा घास घशात अडकून कुणाला ठसका लागला. नानाही हसले आणि त्यांनी होकायंत्र हळूच स्वेटरच्या खिशात ठेवलं. निवेदिताला आपला विनोद त्या संध्याकाळी फार आवडला होता.

पुढे फेब्रुवारीपर्यंत ती दक्षिण बेटावर कामाला होती. मार्चमध्ये चंद्रशेखरचा फोन आला, "घर प्लॉटच्या मधोमध बसवायचं म्हणतोय, तू एकदा बघून सांग." ती एका रविवारी अर्धा तास येऊन गेली. छान गवताळ उतार होता. ऑफिसात विमानातून काढलेला एक जुना फोटो पाहिला, तोही एकच, घाईत, कारण घरचं काम होतं. आणि ईमेल लिहिली, दोन ओळींची: टप्पा नदीचा आहे. मधोमध घर बांधायला काहीच हरकत नाही. हुशार माणसांना ही एक वाईट खोड असते. त्यांना विचारलं की ती उत्तर देतात.

आता ती शिडीवरून वर आली आणि राविरीला एवढंच म्हणाली, "इथेच थांब. जाऊ नकोस." मग टप्प्याच्या पायथ्यापायथ्याने आग्नेयेला चालू लागली. चालताना तिला जे दिसायला लागलं ते तिने मार्चमध्येच बघायला हवं होतं. टप्प्याच्या पायाशी अधूनमधून पाणथळ खड्डे होते, लव्हाळी माजलेली, गुरांच्या खुरांनी चिखल झालेला. एक, दोन, तीन, सगळे एका ओळीत. नदी असे खड्डे ओळीने सोडून जात नाही. जमीन फाटून एक बाजू खचली की असे खड्डे राहतात. ही ओळ बहिणीच्या कुंपणापाशी आली आणि एकदम संपली. पलीकडे गुळगुळीत उतार, आणि त्यावर खडीचा सपाट ओटा, कडेने फळ्यांची चौकट, आत काळ्या प्लास्टिकवर सळ्यांची जाळी. पायाची सगळी तयारी झालेली.

ओट्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर नाना बसले होते. डोक्याला कानटोपी, पायांत मोजे आणि मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. चंद्रशेखर रोज सकाळी कामावर जाताना त्यांना डबा देऊन इथे सोडायचा, आणि नाना दिवसभर बिल्डरच्या माणसांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचे. ती माणसं आज जाळी बांधून दुपारीच गेली होती.

"ये, ये. थालीपीठ आहे. खा."

"नाना, एक विचारते. ह्या जागेच्या मध्यावर खड्डा होता का? पाणी साचणारा?"

नानांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं आहे की नाही हे दोनदा दाबून पाहिलं.

"होता."

"मग गेला कुठे?"

"बुजवला. जानेवारीत. चौदा ट्रक माती टाकली, थराथरानं रोलर फिरवला. मी स्वतः उभा होतो. इंजिनिअर तपासून गेला, त्याच्या कागदात लिहिलेलं आहे सगळं."

तो कागद निवेदिताने कधी उघडलाच नव्हता.

"का बुजवलात?"

"मध्य म्हणजे ब्रह्मस्थान. तिथे खड्डा चालत नाही."

"मग मला का नाही सांगितलं? मी मार्चमध्ये इथे उभी होते, तुमच्या शेजारी. एका शब्दानं नाही बोललात!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या जाळीकडे पाहत म्हणाले, "तू हसली असतीस."

निवेदिताला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. कारण ते खरं होतं. ती हसली असती. मनसोक्त हसून झाल्यावर मात्र तिने विचारलं असतं की खड्डा कसला, आणि मग सगळं तेव्हाच उलगडलं असतं. जमिनीने स्वतःहून ठेवलेली एकमेव खूण ह्या म्हाताऱ्याने आयुष्यभराचं कसब लावून बुजवली होती, आणि तोंड बंद ठेवलं होतं ते तिच्या एका विनोदापायी.

टप्प्याच्या खाली फोन लागत नसे. ती टप्प्यावर चढली आणि आधी चंद्रशेखरला, मग मृदुलाला फोन लावला. दोघांना एकच वाक्य सांगितलं: "लगेच साइटवर या, उद्याचं काँक्रीट थांबवावं लागेल."

चंद्रशेखर सव्वातीनला पोचला. मृदुला पाठोपाठ, दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच. निवेदिताने त्यांना शेजारच्या शेतात नेऊन चर दाखवला, तुटलेली राख दाखवली, खड्ड्यांची ओळ दाखवली. नानाही कुंपण ओलांडून आले आणि वरून वाकून बघत राहिले.

"दोनदा हललीये म्हणतेस. किती वर्षांत?" चंद्रशेखरने विचारलं. तो आणि निवेदिता कॉलेजपासूनचे मित्र, मेहुणा झाल्यावरही अरेतुरे सुटलं नव्हतं.

"काळ काढायला नमुने लॅबमध्ये जातील. पण हजारो."

"हजारो! अगं मग माझ्या पणतूच्या पणतूलासुद्धा धक्का बसायचा नाही. आणि तू उद्याचं काँक्रीट थांबव म्हणतेस? हा बिल्डर गेला तर फेब्रुवारीपर्यंत परत येत नाही. मग घर उभं राहीपर्यंत जून उजाडेल, म्हणजे अजून एक हिवाळा त्या ओल्या घरात. सानिकाचा खोकला ऐकलायस तू?"

"कधी फाटेल ते मला सांगता येत नाही, शेखर. हजार वर्षांनी फाटेल, येत्या मंगळवारी फाटेल. कुठे फाटेल तेवढं सांगता येतं. पुन्हा फाटली तर ह्याच रेषेत फाटेल, आणि घर रेषेवर असेल तर ते मधोमध चिरलं जाईल. हलण्याला तोंड देणारं घर बांधता येतं. खालची जमीनच मीटरभर सरकली तर काही करता येत नाही."

"आणि रेष आपल्या घराखालून जाते? शंभर टक्के?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. निवेदिता म्हणाली, "नाही. रेषा वळतात. कुंपणाच्या पलीकडे दहा-बारा मीटर बाजूला सरकली असेल तर घर सुटलं. खणल्याशिवाय कळणार नाही."

"मग खण की!"

"मध्यावरच खणावं लागेल. ओट्यातून."

राविरी डिगरला टेकून उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण हातवारे कळत होते. निवेदिताने त्याला इंग्रजीत विचारलं आणि सगळे प्लॉटवर परत आले. त्याने ओट्याभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली. दीड मीटरहून खोल चरात बाजूंना आधार दिल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम. शेजारच्या चरातले आधार काढून इथे लावायचे तर उद्याची दुपार होईल. आज बघायचं असेल तर दोन्हीकडून पायऱ्या पाडत रुंद खणावं लागेल. "तुमचा ओटा जाईल," तो म्हणाला. "अर्धा नाही. सगळा. सॉरी, भाऊ."

म्हणजे प्रश्न असा होता: जाणून घ्यायचं तर पाया मोडायचा. रेष निघाली नाही तर विनाकारण मोडला असं होणार, आणि न मोडता काँक्रीट टाकलं तर त्या घरात जन्मभर खालच्या जमिनीचा विचार करत झोपायचं. पाच वाजेपर्यंत बिल्डरला कळवलं नाही तर काँक्रीटच्या गाड्या परत फिरवता येणार नव्हत्या. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मार्चमध्ये का नाही सांगितलंस हे?" मृदुला पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"चुकले मी, ताई. एक फोटो बघितला. चार बघायला हवे होते. इंजिनिअरचे कागद तपासायला हवे होते. नानांना विचारायला हवं होतं."

"नाना तुला कशाला सांगतील? तू कुणाचं ऐकून घेतेस? घरात कुणी तुला काही सांगत नाही, निवू, कारण तू हसतेस. सगळ्यांसमोर हसतेस. मीही सांगत नाही." ती थांबली. "तुझी ती दोन ओळींची ईमेल आहे ना, ती नानांनी प्रिंट काढून देव्हाऱ्यात ठेवलीय. रोज पूजेला तिथे फूल वाहतात. माहितीये तुला?"

निवेदिताला माहीत नव्हतं. जे शास्त्र तिने चिवड्याच्या बशीवर उडवून लावलं, ते जवळ बाळगणाऱ्या माणसाने तिचं शास्त्र देवाजवळ ठेवलं होतं.

"पुरे," नाना म्हणाले. ते ओट्याच्या फळीवर बसले. "चंदू, तू कोयनेचं कधी विचारलं नाहीस. मीही कधी बोललो नाही."

कोयनानगरला वडिलांची पहिली नोकरी होती एवढंच चंद्रशेखरला ठाऊक होतं.

"सदुसष्टचा डिसेंबर. मी चोवीस वर्षांचा. धाकटी बहीण माझ्याकडे राहायला आली होती, शांता. सोळा वर्षांची. माझे जेवणाचे हाल होतात म्हणून आईनंच धाडली होती. त्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी धरणावर ड्यूटीला होतो. धरण तसंच उभं राहिलं. आमची क्वार्टरं दगडमातीची होती, ती बसली." नाना थोडा वेळ जाळीच्या सळईवरून बोट फिरवत राहिले. "ती झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल. गावी गेलो तर कुणीतरी आईला सांगितलं, घराची दिशा वाईट होती म्हणून असं झालं. आईनं ते धरून ठेवलं. मरेपर्यंत मला विचारायची, दार कुठल्या तोंडाला होतं रे? तेव्हापासून मी दिशा बघतो. मला दुसरं काय येत होतं?"

शेजारच्या शेतात एक गाय हंबरली.

"चंदू, बिल्डरला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं."

"नाना, अजून काही सिद्ध नाही झालेलं! खाली काही निघालं नाही तर?"

"तर मी परत बुजवीन. चौदा ट्रक. मला येतं ते." ते निवेदिताकडे वळले. "त्याला सांग, खण म्हणावं. पण आधी मधला कलश काढायचा. भूमिपूजनाला मी ठेवलाय."

चंद्रशेखर टप्प्यावर चढला. वरून त्याचा इंग्रजीतला आवाज ऐकू येत होता, आधी समजावणीचा, मग नुसतं 'येस' आणि 'आय नो'. खाली आला तेव्हा पाचला दहा कमी होते आणि तो कुणाकडे बघत नव्हता. त्याने गाडीतून कटर आणला आणि स्वतःच जाळी कापायला बसला.

निवेदिताने मध्यावरची खडी हाताने बाजूला केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने चिखलाचे बूट काढून ठेवले आणि गुडघ्यांवर बसून खुरपीने कलश उकरायला लागली. जशी राखेचा थर उकरते तशीच, बोटाबोटाने, कडा न दुखावता. तांब्याचा लहान तांब्या निघाला, तोंडाला लाल फडकं बांधलेला, आत चांदीचा नाग वाजत होता. तिने तो दोन्ही हातांनी नानांना दिला. नानांनी तो कपाळाला लावला आणि खुर्चीवर ठेवला.

मग राविरीने डिगर प्लॉटवर आणला आणि बकेट खाली आलं.

नानांनी घातलेली माती फार चांगली दाबलेली होती. राविरीने दोनदा शिट्टी वाजवली. एकेक थर वहीच्या पानांसारखा सुटा निघत होता. हातची कामगिरी अशी उखडताना बघणं कुठल्याही ओव्हरसिअरला जड गेलं असतं. नाना ताठ उभे होते, पण दर बकेटला त्यांचा जबडा आवळत होता. मीटरभर खाली पिवळी माती संपली आणि एकदम काळाकुट्ट चिखल लागला, त्यात दबलेली लव्हाळ्याची मुळं. तो बुजवलेला खड्डा.

सहा वाजता पहिल्यांदा राख दिसली. निवेदिता पायऱ्यांवरून खाली उतरली, तिने भिंत धुतली. पांढरा पट्टा होता, स्वच्छ, सपाट. एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर. कुठेही तडा नाही.

"सपाट आहे!" वरून चंद्रशेखर ओरडला. "सरळ आहे ना, निवू? तुटलेली नाहीये ना?"

क्षणभर तिला खरोखर वाटलं की रेष वळली असावी. ओटा फुकट मोडला असावा, घर वाचलं असावं, आणि आता जन्मभर ह्या घरात तिला बोलणी खावी लागतील. ती बोलणी तिने आनंदाने खाल्ली असती. "राविरी, अजून एक. उजवीकडे," ती म्हणाली.

बकेट उजवीकडे घासत गेलं आणि माती ढासळली. राविरी ओरडला, "बाहेर हो!" आणि ती दोन पायऱ्या मागे सरकली. धूळ बसली तेव्हा पट्टा तिथे नव्हता. तो संपला होता, सुरीने कापल्यासारखा. उरलेला भाग खाली, तिच्या पोटरीशी, चिखलात सापडला. मधून तीच तिरकी काळी फट. ती वर चढत चढत बरोबर तिथे गेली होती जिथून तिने कलश काढला होता.

चंद्रशेखर मातीच्या ढिगावर बसला. त्याने डोकं हातांत धरलं. मृदुलाने तोंडावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. निवेदिताला भिंतीवर खुणेचे छोटे झेंडे लावायचे होते, मोजायचं होतं, पण टेप सापडत नव्हती. आपण बरोबर ठरलो ह्याचा इतका तिटकारा तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

नाना जॅन्डल्स वरच ठेवून मोज्यांनिशी खाली उतरले. त्यांनी एक तळवा वरच्या पट्ट्यावर ठेवला आणि वाकून दुसरा खालच्यावर. तसे ते थोडा वेळ उभे राहिले. पस्तीसेक वर्षं पायाच्या खणतीत उतरलेला माणूस, त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"इथे देवघर येणार होतं," ते म्हणाले. मग हात झटकले. "सांग आता. घर कुठे बांधायचं?"

निवेदिता म्हणाली, "वरची बाजू नको. फाटताना वरचीच बाजू जास्त चुरते. रेषेपासून वीस मीटर तरी लांब, खालच्या अंगाला. म्हणजे..." तिला ते म्हणवेना. "म्हणजे तो कोपरा, नाना. तेवढाच उरतो."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तो ईशान्य कोपरा होता.

"ईशान्य मोकळी ठेवायची असते ना?" चंद्रशेखर कडवटपणे म्हणाला. "तिथे वजन टाकायचं नसतं. तुम्हीच सांगितलंत, नाना. वर्षभर तेच ऐकतोय आम्ही."

"असते," नाना म्हणाले. ते मुलाच्या आधाराने वर आले आणि खुर्चीवरचा कलश त्यांनी हातात घेतला. "रिटायर झाल्यावर मी एकदा कोयनानगरला जाऊन आलो. कुणाला बोललो नाही. आमच्या क्वार्टरचं जोतं अजून आहे तिथे, झाडोऱ्यात. होकायंत्र लावून सगळं मोजलं. दार, चूल, उतार. शांता झोपायची ती खोली." त्यांनी कलशाचं फडकं सरळ केलं. "सगळं बरोबर होतं. एक दोष निघाला नाही."

मृदुला पुढे झाली आणि तिने सासऱ्यांचा दंड धरला.

नाना तिला धरूनच ओल्या गवतातून त्या कोपऱ्याकडे चालत गेले. निवेदिता तशीच अनवाणी मागून गेली, राविरीकडच्या लाकडी खुंट्या आणि हातोडी घेऊन. तिने पावलं मोजली, दोनदा मोजली, आणि एक खुंटी टेकवून धरली. नानांनी हातोडी घेतली आणि चार घावांत ती खुंटी आत बसवली. दुसरी खुंटी लावताना दोरीचं टोक धरायला मृदुला आली. त्या ईमेलबद्दल बोलल्यापासून ती बहिणीशी बोलली नव्हती आणि आत्ताही बोलली नाही, पण दोरी तिने ताणून धरली.

"घरी गेलीस की नवी ईमेल लिही," नाना निवेदिताला म्हणाले. "जुनी मी देवापुढून काढतो. तिच्या जागी नवी ठेवीन."

तिला रडू आवरेना.

"आणि हे बघ," नाना म्हणाले, "ह्या वेळी दोन ओळींत लिहू नकोस."